त्याच्या नावाची दवंडी

वैशाखातल्या त्या दुपारी केसरबाई जैनबच्या ओसरीवर बसून पोरीच्या कुडत्याच्या बाह्यांवरून भांडत होती. श्रीहरी तुरुंगातून सुटून गावात आलाय, हे तिला ठाऊक नव्हतं. बाकी ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. पोलीस पाटलाला कळलं होतं, श्रीहरीच्या भावाला कळलं होतं, ठाण्यातल्या शिपायालाही कळलं होतं. ज्या बाईच्या पोरीपायी त्याला सजा झाली होती, तिला सांगावं असं मात्र एकालाही वाटलं नव्हतं.

"बाह्या मनगटापर्यंत घे, भाभी," केसरबाई म्हणत होती.

"इस गर्मी में? बाई, पोरगी शिजून निघंल. नर्स बनणार आहे ना ती? सुई कशी टोचंल, बाह्या सावरत सावरत?"

"मी म्हणतो तर घे ना."

जैनब आणि तिचा नवरा नूर मोहम्मद तीन वर्षांमागे चामोर्शीहून इथं, चकमोहाडीत, येऊन राहिले होते. तो सायकलवर बांगड्यांचा पेटारा बांधून आठवडी बाजार फिरायचा, ही घरी शिवणकाम करायची. सावली तालुक्यातलं धानाचं गाव, मागं जंगल, पुढं वैनगंगा. इथल्या बायांना शिवणारी मिळाली आणि जैनबला गाव मिळालं. केसरबाईची संघप्रिया गडचिरोलीला वसतिगृहात राहून नर्सचं शिकत होती. बुद्धपौर्णिमेला ती घरी येणार होती, म्हणून हा कुडता.

तेवढ्यात जैनबची आफ्रीन घासलेटाची डबकी घेऊन आली. अकरा वर्षांची पोर. तोंडात गोळी होती, गाल फुगला होता.

"गोळी कहाँ से लाई?" जैनबनं विचारलं.

"राशनच्या दुकानातल्या नव्या भाऊनं दिली. लटारूभाऊ नव्हते. नवे भाऊ मापावर बसले होते. म्हणाले, उद्या भर दुपारी ये, एकटीच ये, तेव्हा गर्दी नसते. माप भरून वरून घासलेट देतो म्हणाले."

"चलो, कोई तो भला आदमी बैठा उस दुकान पे," जैनब म्हणाली आणि मशीनची सुई ओवू लागली.

केसरबाईच्या हातातलं कापड खाली पडलं. "दिसते कसा तो, बेटा?"

"टकला आहे. अन् त्याची कानाची पाळी फाटेल आहे. या बाजूची."

ती पाळी संघप्रियानं दातांनी फाडली होती. त्याच दुकानात, पोत्यांच्या मागं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिलाही केसरबाईनंच घासलेटाला पाठवलं होतं.

केसरबाईनं पडलेलं कापड उचलून मशीनवर ठेवलं. ती उठली, पायात चप्पलही न घालता उन्हात निघून गेली. मागून जैनबचा आवाज आला, "क्या हुआ, बाई? लंबी लेती ना बाह्या, रुसतेस काऊन?"

केसरबाई भित्री नव्हती. रोवणीच्या दिवसांत वीस बायांची टोळी घेऊन ती मालकाशी मजुरीसाठी भांडायची. पण या एका गोष्टीत तिच्या तोंडाला कुलूप होतं आणि ते लावलं होतं पोलीस पाटील बापूरावनं. चांद्याच्या कोर्टात खटला चालला तेव्हा जजसाहेबांनी खोलीची दारं बंद करून घेतली होती. पोरीचं नाव कुठं यायला नको, कुणी घ्यायला नको, कायदा तसा आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. बापूरावनं ते ऐकलं आणि गावात येऊन फिरवून सांगितलं: "या केसमधलं कोणाचंच नाव तोंडातून काढायचं नाई. काढलं तर जेल." श्रीहरी बापूरावच्या चुलतभावाचा साळा. आता समजा काय समजायचं ते.

गावानं हा हुकूम पाळला, पण अर्धाच. श्रीहरीचं नाव सगळ्यांनी गिळलं. पोरीचं नाव मात्र बोरिंगवर, बांधावर, लग्नाच्या मांडवात बिनधोक फिरत राहिलं. "तेच ते, देवरावच्या पोट्टीचं." देवराव म्हणजे केसरबाईचा नवरा. नवीन कुणी विचारलं, राशनवाल्या लटारूचा भाऊ कुठं असतो, तर उत्तर ठरलेलं होतं: "नागपूरले असते. कामावर." सक्तमजुरीची या गावानं नोकरी करून टाकली. आणि केसरबाई, जिची चूक नव्हती, ती कायद्याला भिऊन गप्प बसली. आपण त्याचं नाव घेतलं तर आपली पोर उघडी पडेल आणि वरून जेल आपल्यालाच होईल, असं तिला खरंच वाटायचं.

ती तशीच बापूरावच्या दारात गेली. बापूराव पडवीत खाटेवर पडून पंख्याची वाट पाहत होता. लाइट गेली होती.

"तो आला," ती म्हणाली.

बापूराव उठून बसला. "कोन?"

"तुमाले माहीत आहे कोन. सात वर्षं म्हणलं होतं कोर्टानं. सात झाले नाई अजून."

"अवो बाई, जेलात चांगल्या वागणुकीची सूट भेटते. त्याची वागणूक चांगली होती. तसा कागदच आहे."

चांगली वागणूक! तुरुंगात घासलेटाला येणाऱ्या लहान पोरी नसतात. तिथं चांगलं वागायला माणसाचं काय जातं? पण सरकारनं त्याचे दिवस कमी केले, सुटताना गावापर्यंतचं बसभाडं हातावर ठेवलं, येतोय म्हणून पोलीस पाटलाला निरोप धाडला. सगळं नियमानं. ज्या पोरीचं आयुष्य त्यानं कुरतडलं, तिच्या घरी एक पोस्टकार्ड टाकायचा नियम मात्र कुठल्याच साहेबाला सुचला नव्हता.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले सांगाचा नियम नाई."

"तो मापावर बसून राह्यला. लहान लहान पोट्ट्या येतात तिथं. नव्या लोकाले तर मालूमच नाई."

"मंग काय आता पोस्टर लावू?" बापूराव आवाज चढवून म्हणाला. "सजा भोगली त्यानं. विषय संपला. अन् तुमाले पहिलेच सांगून ठेवतो, त्याचं नाव घेऊन गावात बोंब मारली तर केस होईल तुमच्यावर. तुमच्याच पोट्टीचं लग्न जमाचं आहे. इचार करा जरा."

केसरबाई परतली तेव्हा गल्लीत कोतवाल झिंगू हातातला टिनाचा पत्रा बडवत चालला होता. दिवस तेंदूपानांचे होते. पहाटे सगळं गाव जंगलात पानं तोडायला जायचं. झिंगू ओरडत होता, "नाल्याच्या अंगाले वाघ दिसला होऽऽ! एकटं दुकटं कोनी जाऊ नका! लेकराले नेऊ नका होऽऽ!"

केसरबाईनं त्याला अडवलं. "झिंगूभाऊ, आनखी एक दवंडी द्या. श्रीहरी सुटून आला म्हना. मापावर बसते म्हना. पोरीले एकटं धाडू नका म्हना."

झिंगूचा हात पत्र्यावरच थांबला. "बाई, पाटलाचा हुकूम लागते."

"वाघाच्या दवंडीले लागला होता?"

"वाघाचा कोनी साळा-भाऊजी गावात नाई ना बाई," झिंगू हळूच म्हणाला आणि मान खाली घालून पुढं गेला. माणूस वाईट नव्हता. पगाराला बांधलेला होता.

घरी देवराव अंगणात पानांचे पुडके बांधत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. देवराव कमी बोलणारा माणूस. त्यानं हातातला पुडका अर्धा बांधलेलाच ठेवला.

"संघप्रियाले येऊ नको म्हनून निरोप धाडू," तो म्हणाला.

"अन् आफ्रीनले?"

त्यानं पुडका पुन्हा उचलला.

"उद्या भर दुपारी बलावलं त्यानं तिले. एकटीले. मी तिथं बसून ऐकलं अन् उठून आलो. मी! मले जर त्या वख्ती कोनी सांगतलं असतं, का या दुकानात पोट्टी धाडू नको, तर मी धाडली असती का?" तिनं चुलीजवळची घासलेटाची रिकामी डबकी उचलली, दुसऱ्या हातात उलथणं घेतलं. "मी देतो दवंडी."

देवराव ताडकन उठला. "केसर! आपल्या बानं डफडं नदीत सोडलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आला अन् वैनगंगेच्या धारेत फेकलं. आजपासून कोनाच्या हुकमानं वाजवनार नाई म्हनला. मार खाल्ला त्यानं त्याच्यासाठी. आपल्या घरातून पुन्हा दवंडी निघंल?"

केसरबाई उंबऱ्यातच थांबली. ही गोष्ट या घरात देवापेक्षा मोठी होती, कारण देव या घरात नव्हते. सासऱ्याच्या पाठीवरचे वळ तिनं स्वतः पाहिले होते. ती म्हणाली, "बानं काय सोडलं? वाजवनं का हुकूम?"

देवरावनं तिच्या हातातल्या डबकीकडं पाहिलं.

"हुकूमवाल्यानं तर आज नाईच म्हनलं," ती म्हणाली. "मी कोनाच्याच हुकमानं नाई जात."

ती अंगणाच्या बाहेर पडली आणि डबकीवर उलथणं मारलं. खण् असा फुसका आवाज आला. दुसऱ्यांदा मारलं, तरी तसाच. शेजारच्या अंगणातली पोरं हसली. मग मागून देवराव आला. त्यानं काही न बोलता तिच्या हातातून डबकी घेतली, उलटी करून काखेत धरली, उलथणं फेकून दिलं आणि कुंपणाची एक काडी मोडून घेतली.

"बाच्या हाताचा ठेका मले आठवते," तो म्हणाला. "तू बोल. वाजवतो मी."

आणि त्यानं वाजवलं. चकमोहाडीतल्या म्हाताऱ्यांनी तो ठेका पंचेचाळीस वर्षांनी ऐकला. अंगणाअंगणात पुडके बांधणारे हात थांबले. केसरबाईनं घसा खाकरला.

"ऐका गावकरी! राशनवाल्या लटारूचा भाऊ श्रीहरी नागपूरच्या जेलातून सुटून आला आहे! नोकरीवर नोयता तो, जेलात होता! लहान पोरीवर जबरदस्ती केली म्हनून चांद्याच्या कोर्टानं त्याले सजा देली होती! आता तो राशनच्या मापावर बसते! आपल्या पोरी एकट्या धाडू नका!"

आवाज कापत होता. "जबरदस्ती" म्हणताना तर पार खाली गेला. पण पहिली गल्ली झाली, दुसरी झाली. मोठ्या आळीत कुणीतरी ओट्यावरून टोमणा मारला, "का बे देवराव, धंदा सुरू केला का जुना?"

"आजच्या दिवस," देवराव म्हणाला आणि ठेका जराही चुकला नाही.

बाया दारात आल्या. कुणी पदर तोंडावर घेतला, कुणी पोरीला आत ओढलं. म्हाताऱ्या खुशालची बायको मात्र उंबरठा उतरून खाली आली आणि केसरबाईच्या कानाशी म्हणाली, "माह्यी पोट्टी तवा घासलेटाले जाताना रडे वो. आमी तिले कामचोर म्हनून मारलं." एवढं बोलली आणि चालू लागली. घराकडं नाही, केसरबाईच्या मागं.

राशनच्या दुकानासमोर हे सगळे पोचले तेव्हा मागं बऱ्याच बाया झाल्या होत्या. श्रीहरी मापावरून उठून दारात आला. जेलातून जाडा होऊन आला होता. लटारू त्याच्या मागं, खाली मान घालून.

"केसरबाई," श्रीहरी समजुतीच्या सुरात म्हणाला, "भर चौकात आपल्याच पोट्टीची इज्जत काढून राह्यली का तू?"

सहा वर्षांनी तिनं त्याचं तोंड पाहिलं. तिला वाटलं होतं, आपल्याला भोवळ येईल. आली नाही. समोर एक टकला, घामेजलेला, फाटक्या कानाचा माणूस होता.

"इज्जत तुही निघून राह्यली," ती म्हणाली. "तिची तिच्यापाशी आहे."

मग तिनं दवंडी पुन्हा दिली, त्याच्या तोंडावर, सगळी. देवरावनं वाजवलं. श्रीहरी आत गेला आणि दार लावून घेतलं. दुकानाचं दार त्यानं आतून लावलेलं गावानं पूर्वीही ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्याच्यासोबत आत कुणाची पोर नव्हती.

गर्दी सारत जैनब आली. एका हातात आफ्रीनचं मनगट, तोंडावर सगळा संताप. तो संताप दुकानावर नव्हता, केसरबाईवर होता.

"दोपहर में मेरी ओसरी पे बैठी थी ना तुम? मेरी बच्ची के मुँह में उसकी गोळी थी. और तुम उठके चली गई!"

"तोंडच उघडलं नाई, भाभी."

"मी वाट पाहत होती, केसरबाई काऊन रुसली, काऊन रुसली. बाह्या लांब कापून बसली मी!" जैनबचे डोळे भरले होते. तिनं पदरानं नाक पुसलं. "अब खुला ना मुँह?"

"खुललं."

"तो चलो. हमारी गल्ली राह्यली अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापूराव ठाण्याच्या जमादाराला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. केसरबाई आणि देवराव यांना त्याच्या दारातल्या लिंबाखाली बोलावणं गेलं. केसरबाईनं जाण्याआधी भात शिजवून ठेवला, कोंबड्या शेजारणीकडं सोपवल्या आणि अंगावरचं लुगडं बदललं. जेलात जायची तयारी होती ती. मागं जैनब, खुशालची बायको आणि आणखी पुष्कळ बाया गेल्या.

जमादार पिकल्या मिशांचा, घामानं त्रासलेला माणूस होता. त्यानं पाणी पिऊन विचारलं, "हं बाई. दवंडी दिली म्हनते?"

"दिली."

"कोनाचं नाव घेतलं?"

"श्रीहरीचं."

"पोरीचं घेतलं?"

"नाई."

"कोनाच्या घरची, कोनत्या मोहल्ल्याची, असं काई?"

"एक शब्द नाई."

जमादारानं बापूरावकडं पाहिलं. "मंग पाटील, मले या उन्हात काऊन आनलं?"

"साहेब, कायद्यात मनाई आहे ना! नाव घ्याची..."

"मनाई पोरीच्या नावाची आहे. तिची ओळख कोनी सांगू नये, छापू नये. आरोपीच्या नावाले काय सोनं लागलं? कोर्टाचा निकाल आहे, उघडा आहे. बाईनं खरं आहे तेच सांगतलं, अन् लोकाच्या पोरीच्या भल्यासाठी सांगतलं."

"पन मी तर गावाले..."

"तुमी गावाले उलटं सांगतलं," जमादार म्हणाला. "सहा वर्षं हे चालून राह्यलं?"

मागं बायांमध्ये कुजबुज झाली. खुशालची बायको मोठ्यानं म्हणाली, "बापूरावनं कायदा पायजम्यासारखा उलटा घातला होता म्हना ना," आणि एक हशा उसळला. बापूरावची मान खाली गेली ती वर आली नाही.

केसरबाईला हसू आलं नाही. ती लिंबाच्या बुंध्याला टेकून मातीतच बसली. सहा वर्षं जो कायदा आपल्या मानेवर सुरी धरून उभा आहे असं तिला वाटत होतं, तो तिच्या पोरीच्या बाजूनं होता. पहिल्या दिवसापासून होता. तिनं लांब श्वास घेतला. श्वास पोटापर्यंत जातो हे ती विसरूनच गेली होती.

मग तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, तो सुटला हे मले काऊन कोनी नाई सांगतलं?"

"तसा नियम नाई, बाई."

"तो इथून उठून दुसऱ्या गावाले गेला, तर तिथच्या लोकाले कोन सांगंल?"

जमादारानं मिशीवरचा घाम पुसला. "दोनदा सजा झालेला चोर सुटला, तर कोर्ट त्याले सांगू शकते, का बाबा, कुठी राह्यतो, कुठी जातो ते ठाण्यात कळवत जा. याच्यासाठी तसं काई नाई."

"म्हंजे कोंबड्या चोरल्या तर पत्ता ठेवता. पोट्टी नासवली तर नाई."

जमादारानं टोपी घातली, आणखी एक ग्लास पाणी मागितलं. निदान एवढं तरी, की त्यानं तिची नजर टाळली आणि खोटं बोलला नाही. तिथं बसलेल्यांपैकी कायदा बनवणारं कुणी नव्हतं. ते लोक या लिंबाखाली कधी येत नाहीत.

त्यानंतर राशन आलं त्या दिवशी गावातल्या बाया डबक्या, थैल्या घेऊन दुकानापुढं गेल्या आणि रांग न लावता नुसत्याच उभ्या राहिल्या. लटारू हात जोडू लागला. "बाई वो, माल पडून राह्यला. पोट भरू द्या ना."

"तू मापावर बस, आमी घेतो," केसरबाई म्हणाली. "तो इथी दिसला तर एकही डबकी भरनार नाई. तहसिलात जाऊन सांगू, दुकान बचतगटाच्या बायाले द्या म्हनून."

लटारूला भाऊ प्यारा होता, दुकान त्याहून प्यारं होतं. दोन दिवसांत श्रीहरीनं पिशवी भरली आणि बहिणीच्या गावाला, गोंडपिपरीकडं, निघून गेला. बस सुटली तेव्हा गाव हलकं झालं. खरंच झालं. पोरी त्या संध्याकाळी चौकात लंगडी खेळल्या, आणि कुणी त्यांना घरात ओढलं नाही.

पण केसरबाई जैनबच्या ओसरीवर बसून म्हणाली, "तिथं बी पोट्ट्या असतीन ना, भाभी."

नूर मोहम्मद पेटाऱ्याला दोरी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही. "गोंडपिपरीचा बाजार माझाच आहे, बाई. बांगडी भरताना बायांचा हात माझ्या हातात असते. हात सोडून कुठं जातील? जे सांगन ते ऐकतीलच."

"नाम उसका लेना," जैनबनं बजावलं. "लड़की का पूछे तो बोलना, मालूम नहीं."

"खरंच मालूम नाई मले," नूर मोहम्मद म्हणाला आणि केसरबाईकडं न बघता पेटारा उचलला. त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण असं माहीत असणं केसरबाईला पहिल्यांदाच बोचलं नाही. गेला तो सायकल घेऊन. एका राज्यानं करायचं काम बांगडीवाल्याच्या सायकलवर निघालं, ही लाज नूर मोहम्मदची नाही. ज्यांची आहे त्यांनी ती घ्यावी.

आता एकच धाक उरला होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता. संघप्रियाला विचारलं नव्हतं. तिची गोष्ट, तिच्या अंगावर झालेली, आणि आईनं ती गावभर वाजवली. नाव घेतलं नाही हे खरं. पण पोर म्हणाली, "माय, आता मी या गावात पाय ठेवनार नाई," तर?

संघप्रिया पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसनं आली. तिच्या तोंडावरूनच कळलं, बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. तिनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली, खाटेवर बसली. केसरबाई चुलीजवळ उभी, देवराव दारात.

"माह्यं नाव घेतलं का?" संघप्रियानं विचारलं.

"नाई."

"त्याचं?"

"घेतलं."

"कसं म्हनलं? म्हनून दाखव."

"आता?"

"आता. बाबा, तुमी वाजवलं म्हने. वाजवा."

देवराव गोंधळला. मग त्यानं खाटेच्या माचव्यावर बोटांनी ठेका धरला. केसरबाईनं आपल्याच घरात, आपल्याच पोरीपुढं दवंडी दिली. ऐका गावकरी, राशनवाल्या लटारूचा भाऊ श्रीहरी... संघप्रिया खाली पाहत ऐकत होती. दवंडी संपली. देवरावची बोटं थांबली.

"'जबरदस्ती' म्हनताना तुहा आवाज पडला," संघप्रिया म्हणाली.

"तेव्हाबी पडला होता."

"तो शब्द त्याचा आहे, माय. तुले काऊन लाज वाटते? मोठ्यानं म्हन."

केसरबाईनं म्हटला. मोठ्यानं म्हटला. शेजारी ऐकू गेला असेल, जाऊ दे.

संघप्रियानं मान वर केली. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदमच. "सहा वर्षं झाले माय. मी म्हनो, कोनी तरी एकदा त्याचं नाव घ्या रे. सगळे माह्यंच घेत."

"तुले इचारलं नाई मी."

"नाईच इचारलं. इचाराले पाह्यजे होतं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "पुढच्या वख्ती इचारजो."

"पुढची वख्त नको वो बाप्पा!" देवराव दारातून म्हणाला, इतक्या कळवळून की दोघी मायलेकी हसायला लागल्या आणि त्यांना थांबता येईना.

मग संघप्रिया उठली. पाण्याचा पितळी गुंड रिकामा होता. तिनं गुंड कमरेला लावला आणि बोरिंगवर जाते म्हणाली. केसरबाई लगेच पदर खोचून उठली. सहा वर्षं पोर गावात असली की ती अशीच मागं मागं जायची, कधी काडी आणायच्या, कधी शेजारणीच्या निमित्तानं. पायच आपोआप निघायचे. ती दारापर्यंत गेली. तिथं थांबली. परत येऊन खाटेवर बसली.

थोड्या वेळानं बोरिंगचा दांडा करकरू लागला, आणि त्यावरून संघप्रियाचा आवाज आला, कुणाशी तरी तावातावानं भांडत: "नंबर माहा आहे! कालपासून ठेवला असंल गुंड, मी काय करू? माहा नंबर आहे म्हनजे आहे!"

"ऐकलं का?" केसरबाई म्हणाली.

"ऐकलं," देवराव म्हणाला. "आवाज तुह्यासारखा नाई पडत तिचा."

केसरबाई खाटेवर आडवी झाली. भांडण अजून चालूच होतं. ते ऐकता ऐकता भर सकाळी तिला गाढ झोप लागली.